संधी सोडू नये

शाळा तपासायला आलेले दिपोटी साहेब वर्गात शिरतात आणि पहिल्या बाकावरच्या बंड्याला विचारतात, “सांग, शिवधनुष्य कोणी मोडलं?” बंड्याची बोबडी वळते. “देवाशपथ साहेब, मी नाही मोडलं.” साहेब गुरुजींकडे बघतात. गुरुजी म्हणतात, “पोरगा वांड आहे साहेब, पण खोटं बोलायचा नाही.” प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत जातं. ते हात जोडून म्हणतात, “मोडलं असेल कोणीतरी. वर कळवू नका, किरकोळ खर्चातून नवं आणून ठेवतो.”

हा विनोद महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी ऐकला आहे. हिंदीतही तो असाच सांगतात. इंग्रजीत शिवधनुष्याच्या जागी जेरिको शहराची तटबंदी येते. बायबलमधल्या कथेत ती तटबंदी जोशुआच्या लोकांच्या कर्ण्यांनी आणि आरोळीने कोसळते. विनोदातला मुलगा मात्र “मी नाही पाडली” म्हणतो आणि वरचा अधिकारी दुरुस्तीचा खर्च द्यायला तयार होतो. धनुष्य असो की तट, विनोदाचा सांगाडा एकच आहे. अज्ञान पायरी पायरीने वर चढतं, आणि जितकी वरची पायरी तितकं ते अधिक सरकारी भाषेत बोलू लागतं. हसू प्रसंगात आहे, शब्दात नाही, म्हणून कोणत्याही भाषेत नेलं तरी ते सांडत नाही.

आता दुसरा विनोद.

बाई विचारतात, “काय रे, समास सोडवलेस का?”

बंड्या म्हणतो, “हो बाई, सगळ्या पानांवर सोडलेत. डाव्या बाजूला, एकेक इंच.”

हा इंग्रजीत जाणार नाही, हिंदीतही नाही. वहीच्या कडेची कोरी जागा आणि दोन शब्दांचा जोडशब्द या दोन्हींना एकच नाव मराठीच्या वर्गात चालतं; एक समास सोडायचा असतो, दुसरा सोडवायचा असतो आणि दोन क्रियापदांमध्ये फरक फक्त एका ‘व’चा आहे. या प्रकरणात मला अशाच विनोदांबद्दल बोलायचं आहे, जे मराठीच्या बाहेर नेले की मरतात. माझ्या मते मुलांच्या हाती मुद्दाम द्यावेत असे विनोद हेच. प्रसंगाच्या विनोदातून माणसं कळतात, पण भाषा आतून कशी चालते हे असा एक विनोद जितकं चटकन दाखवतो तितकं व्याकरणाची चार पानं दाखवत नाहीत.

शाळा एक विलक्षण गोष्ट करते. मुलाच्या घरात रोज वावरणारे शब्द ती उचलते आणि त्यांना वेगळ्याच कामाला लावते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केलं. दादोबांना पुढे मराठीचे पाणिनी म्हणू लागले. पुढे शाळांमधून रुळलेल्या मराठी व्याकरणाने बहुतेक पारिभाषिक शब्द संस्कृत व्याकरणातून घेतले: संधी, समास, वचन, काळ, प्रयोग, विग्रह, अलंकार. गंमत अशी की यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मराठी घरात दुसऱ्या अर्थाने आधीच राहत होता. संधी म्हणजे चालून आलेली वेळ, वचन म्हणजे दिलेला शब्द, अलंकार म्हणजे आईच्या कपाटातले दागिने. मूल वर्गात येतं तेव्हा हे अर्थ सोबत घेऊनच येतं, आणि विनोद जन्मतो तो शाळेच्या अर्थाशी घरचा अर्थ समोरासमोर येतो तिथे.

“ही संधी सोडव.”

“नाही सर. आलेली संधी सोडू नये असं बाबा म्हणतात.”

“‘आंबे’, वचन कोणतं?”

“बाई, तुम्ही मागच्या शनिवारी दिलं होतंत तेच. पेटी आणणार होतात.”

‘प्रयोग’ हा शब्द तर तीन घरचा आहे. विज्ञानाच्या तासाला तो परीक्षानळीत होतो, मराठीच्या तासाला वाक्यात होतो आणि रविवारी दुपारी नाट्यगृहात होतो. म्हणून बाईंनी “‘राम आंबा खातो’, प्रयोग कोणता?” असं विचारल्यावर नाटकवेड्या घरातला मुलगा म्हणतो, “शुभारंभाचा.” “आणि ‘रामाने आंबा खाल्ला’?” “शेवटचा बाई. आंबा संपला.” या उत्तराकडे जरा थांबून बघावं. पहिल्या वाक्यात क्रियापद रामाच्या मागे चालतं, म्हणून कर्तरी. दुसऱ्यात ते आंब्याच्या मागे चालतं, म्हणून कर्मणी. मुलाने व्याकरणाचं नाव सांगितलं नाही, पण पहिल्या वाक्यात खाणं चालू आहे आणि दुसऱ्यात ते पूर्ण झालंय, एवढं त्याने अचूक पकडलं. मराठीत कर्मणीचं हे रूप मुख्यतः पूर्ण झालेल्या क्रियेबरोबरच येतं. हसून झाल्यावर बाई इथूनच धडा पुढे नेऊ शकतात.

गणिताच्या फळ्यावरही असे शब्द आहेत. सत्तावीस आणि पंधरा मिळवताना सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. “हातचा कुठे गेला?” या प्रश्नाला “डबा खाताना हात धुतले सर” हे उत्तर दुसरीतलं मूलही देऊ शकतं. तोच हातचा पुढे आयुष्यभर सोबत राहतो. मोठेपणी आपण कोणाशी बोलताना एक हातचा राखून बोलतो. वर्ग म्हणजे तुकडी आणि वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणून येणारं उत्तर. तेव्हा “वर्गमूळ काढ” म्हटल्यावर अख्खा वर्ग एका ठरावीक मुलाकडे बोट दाखवतो, कारण गोंधळाचं मूळ तोच असतो.

नामांपेक्षा खोल पाणी क्रियापदांचं आहे. मराठीत काही साधी क्रियापदं इतक्या ठिकाणी राबतात की त्यांचा मूळ अर्थ पातळ होत होत नाहीसा होतो. ‘पडणे’ घ्या. पाऊस पडतो, दात पडतो, खड्डा पडतो, प्रश्न पडतो, सवय पडते आणि मार्क पडतात. मार्क कुठून पडतात, कोणावर पडतात, हे आपण मोठी माणसं विचारत नाही. विनोदातला मुलगा विचारतो.

“किती मार्क पडले?”

“पस्तीस.”

“आणि बाकीचे?”

“पडलेच नाहीत बाबा. सरांनी घट्ट धरून ठेवले.”

‘सुटणे’ पाहा. गाडी सुटते, वारा सुटतो, पोट सुटतं, तोंडाला पाणी सुटतं, गाठ सुटते, सवय सुटते, शाळा सुटते आणि गणित सुटतं. “गणितं सुटली का?” “नाही बाई, शाळा सुटली तरी ती सुटेनात.” ‘लागणे’ याहून पसरलेलं: भूक, झोप, ठेच, वेळ, नोकरी, चटक हे सगळं आपल्याला लागतं आणि वर्षाच्या शेवटी निकालही लागतो. “निकाल लागला?” असं वडिलांनी विचारल्यावर “लागला, पार निकाल लागला” असं म्हणणारा मुलगा एकाच वाक्यात बातमीही सांगतो आणि तिचा परिणामही. संध्याकाळी आजी विचारते, “आज काय खाल्लंस शाळेत?” “डबा खाल्ला, बाईंची बोलणी खाल्ली आणि मैदानात एक आपटी खाल्ली.” तीन वस्तू एका क्रियापदाला टांगल्या की त्यातली पहिलीच खरी खाण्याची आहे हे ऐकणाऱ्याच्या एकदम लक्षात येतं आणि हसू फुटतं. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला ही क्रियापदं फार छळतात. मराठी मुलाला ती फुकट मिळालेली असतात. आपल्याकडे काय आहे हे त्याला कळावं यासाठी त्याला असे गठ्ठे करायला लावावेत. एक क्रियापद द्यायचं आणि त्याला टांगता येतील तेवढ्या वस्तू आणायला सांगायचं. ज्याने पडणे, लागणे, सुटणे, मारणे, काढणे या पाचांशी असा खेळ केला, त्याची भाषा कधी कोरडी होत नाही.

परीक्षेतला ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न विनोदाची खाणच आहे. ‘तोंडाला पाने पुसणे’ म्हणजे फसवणं, हे ज्याला ठाऊक नाही तो लिहितो, “जेवणानंतर रुमाल न सापडल्यामुळे काकांनी तोंडाला पाने पुसली.” ‘डोळे उघडणे’: “रोज सकाळी आई चादर ओढते तेव्हा माझे डोळे उघडतात.” ‘कंबर कसणे’: “चड्डी ढिली असल्यामुळे मी करगोट्याने कंबर कसली.” हे तिसरं वाक्य मला विशेष आवडतं, कारण वाक्प्रचार निघाला तिथेच मुलगा परत पोचला आहे. कामाला किंवा लढाईला निघालेला माणूस खरोखरच कंबरेला शेला आवळून बांधत असे. तयारीचा अर्थ त्यावर नंतर चढला. अशा वाक्याला शून्य देऊन पुढे जाणं मला पटत नाही. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, चित्र स्पष्ट आहे. राहिलाय तो फक्त लाक्षणिक अर्थ. अर्धा गुण द्यावा आणि वाक्प्रचार कुठून आला ते वर्गाला सांगावं.

मराठीची दुसऱ्या भाषेशी गाठ पडते तिथे आणखी मजा होते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. मराठी शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलाला पहिला धक्का बसतो तो सर्वनामांचा. ‘ही’ म्हणजे तो आणि ‘शी’ म्हणजे ती! आजवर ‘ही’ म्हणजे ही मुलगी होती आणि ‘शी’ हा उद्गार आपण घाणीत पाय पडल्यावर काढत होतो. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणते, “बाई, मी शी नाही, मी अंघोळ करून आलेय.” ज्या घरांत आईला ‘आय’ म्हणतात तिथे तर गुंता वाढतो. सरांनी “आय म्हणजे मी” असं शिकवलेलं पोर घरी जाऊन सांगतं, “आये, सर म्हणत्यात, आय म्हंजी त्येच!” इथे बोलीला हसायचं कारण नाही. ही कोटी झाली तीच बोलीच्या जोरावर. पुस्तकी ‘आई’ म्हणणाऱ्या घरात ती झालीच नसती.

हिंदीशी आपलं नातं अधिक जवळचं, म्हणून अधिक फसवं. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडे अंगठे धरून उभं राहणं. धातू एकच, संस्कृत ‘शिक्ष्’. हिंदीने शिकण्याचा अर्थ ठेवला, मराठीने ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ असे दोन शब्द करून कामं वाटून दिली. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या मुलांना आणि नागपूर-मुंबईच्या दुभाषी वर्गांना हा पेच रोजचा आहे. ‘शिक्षा का महत्त्व’ या निबंधात एखादं मूल लिहून जातं की शिक्षा सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे, एकट्या बंड्याला नको. आणि वाक्य दोन्ही भाषांत खरं ठरतं. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न आहे, मराठीत थट्टा. ‘संसार’ तिकडे जग आहे, इकडे दोन खोल्या आणि गॅसची शेगडी.

आकड्यांवरून अख्ख्या महाराष्ट्राने कोट्या केल्या ते साल २०१९. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’, ‘बावीस’ यांच्या बरोबरीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन दिलं होतं. जून महिन्यात त्यावरून वाद पेटला. विधानसभेतसुद्धा त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आडनावातला ‘वीस’ सुटा करून कोटी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतात, साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी. लहान मूल ऐकेल तसं लिहितं आणि ६३ च्या जागी ३६ लिहून मोकळं होतं. त्यात ‘अठ्ठ्याहत्तर’, ‘एकोणनव्वद’ असली जोडाक्षरं. वादात बाजू कोणतीही घ्या, मुलांची ही अडचण खरी होती आणि त्या पंधरवड्यात विनोद करणाऱ्या फार थोड्यांनी ती ऐकून घेतली. मला वाटतं, तो वाद विनोदाने सुरू व्हायला हरकत नव्हती, विनोदावर संपायला नको होता.

६३ आणि ३६ यांच्यात आणखी एक खेळ दडलाय. ‘छत्तीसचा आकडा’ म्हणजे वैर, कारण देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. उलटे लिहिले की समोरासमोर येतात. “सरांचं आणि माझं आता त्रेसष्ट आहे,” असं एखाद्या मुलाने म्हटलं, तर भांडण मिटलं हे कळायला वेळ लागत नाही. इंग्रजी वळणाचे आकडे गिरवणाऱ्या मुलाला मात्र हे समजावून सांगावं लागेल. देवनागरी अंक मुलांच्या डोळ्यांसमोर राहिले पाहिजेत याचं हेही एक कारण आहे.

मधल्या सुट्टीत मुलं स्वतःहून जे खेळतात तेही व्याकरणच असतं. ‘च’ची भाषा अनेकांना आठवत असेल: शब्दाचं पहिलं व्यंजन काढायचं, त्या जागी च ठेवायचा आणि काढलेलं व्यंजन शेवटी लावायचं. शाळा झाली ‘चाळाश’, गणित झालं ‘चणितग’. काना, वेलांटी जागच्या जागी राहते, फक्त व्यंजन हलतं. स्वर आणि व्यंजन वेगळे असतात ही गोष्ट पाचवीतल्या मुलांना कोणी न शिकवता अशी तोंडपाठ असते. उलटसुलट सारखी वाचता येणारी वाक्यंही याच जातीची. ‘ती होडी जाडी होती’, ‘टेप आणा आपटे’, ‘रामाला भाला मारा’ ही अक्षर न् अक्षर जुळतात. ‘चिमा काय कामाची’ मात्र किंचित हुकतं: सुरुवातीची ‘चि’ ऱ्हस्व आहे, शेवटची ‘ची’ दीर्घ. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे मराठी शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ असतो आणि दीर्घान्त शब्दातला त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व. चिमाला दोन्ही नियम एकदम लागू पडले. शुद्धलेखनाचा हा नियम शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

मराठी साहित्यात शब्दांशी खेळणाऱ्यांची परंपरा मोठी आहे आणि तिचं शाळेशी नातं जवळचं आहे. राम गणेश गडकरी ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन करत. कोटीवर त्यांचं विलक्षण प्रेम होतं. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांनी मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. सभा गाजवणारा हा माणूस आधी वर्ग गाजवून आला होता. द. मा. मिरासदारांनी ‘व्यंकूची शिकवणी’सारख्या कथा लिहिल्या आणि स्वतः अध्यापन केलं. पु. ल. देशपांडे यांनी ‘बिगरी ते मॅट्रिक’मध्ये आणि ‘चितळे मास्तर’मध्ये जी शाळा उभी केली, ती वाचलेल्या माणसाला स्वतःच्या शाळेतले मास्तर पुन्हा दिसू लागतात. कोट्यांमुळे पुलंना ‘कोट्यधीश’ म्हणत, आणि ते संबोधन स्वतःच एक कोटी आहे.

चांगली कोटी आणि पाणचट कोटी यांत फरक कसा करायचा? माझी कसोटी सोपी आहे. शब्दाचे दोन्ही अर्थ त्या प्रसंगात खरे उतरले पाहिजेत. “शाळा सुटली तरी गणितं सुटेनात” यात शाळाही खरंच सुटली आहे आणि गणितंही खरंच अडली आहेत, म्हणून ती टिकते. नुसता ध्वनी जुळवून कोणाचं आडनाव वाकडं केलं की आवाज होतो, अर्थ होत नाही. वर्गात आडनावांवरच्या कोट्या मी कटाक्षाने टाळायला सांगेन. ज्या मुलाच्या नावावर कोटी होते ते मूल वर्षभर ती ऐकत राहतं. तोतरं बोलणं, अंगाचा रंग, बोली, घरचा धंदा यांवरचे विनोदही तसेच. त्यात शब्द काहीच काम करत नाही, फक्त दुबळ्यावर बोट रोखलं जातं. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. विनोदांतल्या गुरुजींच्या हातात छडी अजून आहे, वर्गातल्या गुरुजींच्या हातात ती नसावी हे कायद्याने ठरलं. चारचौघांत मुलाचं हसं करणं हाही त्या छळाचाच भाग आहे, हे शिक्षकांनी आणि पालकांनी दोघांनीही ध्यानात ठेवायला हवं. या प्रकरणातल्या बंड्याला कोणी हसत नाही. त्याच्याबरोबर हसतात, कारण शब्दाचा जो अर्थ बाई विसरल्या होत्या तो त्याला आठवला.

शिक्षकांनी महिन्यातला एक तास यासाठी काढून ठेवावा. त्या आठवड्यात शिकवलेला एक पारिभाषिक शब्द फळ्यावर लिहावा, त्याचे घरचे, बाजारातले, शेतातले अर्थ मुलांकडूनच घ्यावेत आणि त्यावर दोन ओळींचा संवाद लिहायला सांगावा. घरात हे काम आजी-आजोबांनी करावं; बोलीतले अर्थ त्यांच्याकडेच अधिक आहेत. आणि तुमच्या घरातलं मूल असं एखादं उत्तर देईल, तेव्हा ते चूक म्हणून खोडू नका. त्याला विचारा, तुझ्या मनात कोणता अर्थ होता? मग ते वाक्य तारीख घालून एका वहीत उतरवून ठेवा, अगदी त्याच्याच शब्दांत.